चकचकीत बाजूचं कुंकू

आमच्या घरात नवी वस्तू आली की आई तिला आधी कुंकू लावते, मगच ती वस्तू कामाला लागते. फ्रिज, मोटारसायकल, विहिरीवरची मोटर, सगळे याच वाटेने गेले. बहिणीच्या लग्नाची डीव्हीडी आली तेव्हा मात्र पंचाईत झाली. तिच्यावर नवरा-नवरीचा फोटो छापलेला होता, आणि फोटोला कुंकू लावतात ते गेलेल्या माणसांच्या. आईने थोडा विचार करून डीव्हीडी उलटी केली आणि मागच्या चकचकीत बाजूला, मधल्या भोकाशेजारी, ओल्या बोटाने ठसठशीत टिळा लावला. तिच्या मते ती बाजू मोकळीच होती.

पुढे प्लेअर भंगारात गेला आणि डीव्हीडी देवघरात. दर दसऱ्याला तिला ताजं कुंकू मिळत राहिलं.

गेल्या वर्षी वडील गेले. कॅमेरा दिसला की उठून जाणारा माणूस. त्यांचा आवाज कुठेच टिपलेला नव्हता. लग्नाच्या दिवशीही ते पूर्णवेळ आचाऱ्याच्या मागे उभे होते. फक्त हळदीच्या दिवशी, अगदी सुरुवातीला, शूटिंगवाल्याने त्यांना कोपऱ्यात गाठलं होतं. आईला तेवढं एकदा बघायचं होतं. मलाही बघायचं होतं, पण मी तसं बोललो नाही. मी डीव्हीडी रायटरबद्दल बोललो.

माझ्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नाही. म्हणून बाहेरून जोडायचा रायटर घ्यायचा, म्हणजे जुनी डिस्क बघता येईल आणि नवापूरला बहिणीसाठी नक्कलही काढता येईल. मी अभ्यास केला. डिस्क दोन जातींच्या निघाल्या, वजा आर आणि अधिक आर. कधीकाळी कंपन्यांचं आपसांत जमलं नाही, त्याचा हा परिणाम. आताचे रायटर दोन्ही चालवतात, त्यामुळे ते भांडण फक्त खोक्यावर उरलंय. खरा फरक पुढे आहे. नुसती आर एकदाच लिहिता येते, आर-डब्ल्यू पुसून पुन्हा लिहिता येते. नकलेसाठी मी आर-डब्ल्यूची शिफारस केली.

"मंग कोनी पुसी टाकं तं?" आई म्हणाली.

"कोण कशाला पुसेल?"

"तुन्ही बहीननी पोरे शेतस ना. पुसाई जाय अशी नको लेऊ."

पुसली जाणारी डिस्क बाद झाली आणि माझा अभ्यास तिथेच संपला.

रायटर घ्यायला आईसोबत शहाद्याला जायच्या आधी मी मऊ ओल्या फडक्याने कुंकू पुसलं. लाली गेली, ओरखडे राहिले. डिस्कवरचं लिखाण मधल्या भोकापासून सुरू होतं, हे मी त्याच अभ्यासात वाचलं होतं. हळदही तिथूनच सुरू होत होती. म्हणजे इतकी वर्षं आई कुंकू लावत होती ते नेमकं वडिलांना. हे मी तिला सांगितलं नाही.

दुकानदाराने माझ्या लॅपटॉपला जोडून बघायला दोन रायटर काढले. पहिला बारीक आणि देखणा. तो थोडा घरघरला आणि त्याने डिस्क बाहेर ढकलली. आईने पदराचं टोक मुठीत धरलं. दुसरा जाडजूड, त्याला वेगळी वायर लावावी लागली.

"लागी जाई, मावशी," दुकानदार म्हणाला.

बराच वेळ काहीच लागलं नाही. मग मांडव दिसला. चित्राचे चौकोन झाले, अडकले, पुन्हा सुटले. त्यातून वडील निघाले, बनियनवर, कोपरापर्यंत हळदीने माखलेले. कॅमेऱ्याकडे बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मग शूटिंगवाल्याच्या मागे उभ्या असलेल्या आईकडे त्यांची नजर गेली.

"तू जेवनी का?" त्यांनी विचारलं.

त्यांना असं विचारताना मी जन्मात कधी ऐकलं नव्हतं. दुकानदार रायटरचं खोकं शोधायला लागला.

आईने डोक्यावरचा पदर नीट केला.

"जेवनू ना," ती लॅपटॉपला म्हणाली. "तुम्ही जेवी ल्या आते."