शिंपल्या स्वच्छ होत्या

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही. पेडण्याजवळच्या त्या घरात मी टँकसमोर गुडघ्यांवर बसलो होतो. खिशात टेस्टची काचेची नळी होती आणि नळीतलं पाणी पिवळं होतं. त्या टेस्टमध्ये पिवळं म्हणजे स्वच्छ. ती नळी मी बाहेर काढली नाही.

म्हापशात माझं ॲक्वेरियमचं दुकान आहे. मासे विकतो, आणि पेडणे-डिचोलीच्या घरांत स्कूटरवरून जाऊन टँक साफ करतो. पण खरं गिऱ्हाईक येतं ते नावासाठी. आफ्रिकेतल्या मलावी नावाच्या तलावातले सिक्लिड मासे असतात. खडकांत राहतात, रंगाने समुद्रातल्या माशांसारखे भडक. त्यांच्या शेकडो जाती आहेत आणि निम्म्या एकमेकींसारख्या दिसतात. लोक फोटो पाठवतात, मी नाव सांगतो. 'सूर्याला विचारा, तो एका नजरेत सांगतो,' असं दुकानदारही म्हणतात. ह्या धंद्यात माझी मिळकत काय म्हणाल तर एवढीच.

त्या घरातला निखिल जहाजावर नोकरी करतो. लग्न झाल्यावर पुन्हा जहाजावर जाण्याआधी त्याने हॉलमध्ये मोठा टँक बसवून घेतला. त्याला सॉलोसी हवे होते. ह्या जातीची सगळी पिल्लं पिवळी असतात. त्यातले नर मोठे होताना हळूहळू निळे होतात, अंगावर काळे उभे पट्टे येतात. माद्या पिवळ्याच राहतात. एकाच टँकमध्ये दोन रंग, म्हणून लोकांना आवडतात.

सप्लायरकडून पिल्लांची पिशवी आली. सगळी पिवळी, त्यात एक निळं.

"हा एवढासा असून निळा कसा?" निखिलने विचारलं.

"नर आहे. लवकर रंगलाय," मी म्हणालो.

निखिल खूष झाला. गिऱ्हाईक खूष झालं की मी पुन्हा बघत नाही. तिथे मी चुकलो.

आपल्याकडे विहिरीचं पाणी मऊ असतं. जांभ्या दगडातून आलेल्या पाण्यात चुना नसतो. मलावीच्या माशांना तो लागतो. त्यासाठी बाहेरून कोरल मागवता येतं, पण आपल्या घरांत तिसऱ्यांच्या शिंपल्यांना तोटा नसतो. तिसऱ्या खाऊन झाल्या की शिंपल्या उकळायच्या, घासायच्या, उन्हात वाळवायच्या आणि जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवायच्या. हा उपाय मी सगळ्या घरांत सांगतो. त्या घरात तो मी निखिलच्या बायकोला सांगितला.

तिचं नाव वैशाली. चंदगडकडची, शेतकऱ्याची मुलगी. निखिल जहाजावर गेल्यावर टँक तिच्याकडे आला. आयुष्यात मासा म्हणून तिने पाहिलेला तो बाजारातला, पण महिन्याभरात ती मला फोनवर सांगू लागली, "दादा, तो छोटा आज दगडाबाहेर येईना वो. खाल्लं न्हाई त्यानं." फिल्टरमधल्या तिच्या शिंपल्या मी पाहिल्या आहेत. चहाच्या कपबशीसारख्या पांढऱ्या होत्या.

मग एक मासा मेला. थोड्या दिवसांनी दुसरा. दुसऱ्या वेळी फोन तिच्या सासूचा आला. त्यांना मी काकी म्हणतो.

"सूर्या, तू आत्ताच्या आत्ता ये. घरात वायट झालाहा."

मी गेलो तेव्हा काकी खिडकीजवळ खुर्ची घेऊन टँकवर पहारा देत बसल्या होत्या. निखिलचे वडील पेपरामागे होते. वैशालीने मेलेला मासा आईस्क्रीमच्या डब्यात घालून फ्रीझरमध्ये, सुंगटांच्या म्हणजे कोळंबीच्या शेजारी ठेवला होता. मला दाखवायला म्हणून.

"ही बघ अक्कल," काकी म्हणाल्या. "उद्या कोणी कढीत घातलो असतो तर?"

"कढीत घालण्याएवढा नाही तो," पेपरामागून आवाज आला.

"तुमी गप बसा. सूर्या, ऐक. ह्यो मासो पिवळो होतो. तो निळो पडलो आणि मेलो. आदलोय तसोच. निळो पडलो आणि मेलो. आता सांग, निळो कधी पडता कोण? सर्प चावलो तर. नाय तर पोटात वीख गेला तर."

यात काकींना हसण्यासारखं काही नाही. ह्या जातीचे नर मोठेपणी निळे होतातच, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. साप चावलेला माणूस निळा पडतो हे गावात सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्यांनी दोन मासे निळे पडून मेलेले बघितले होते आणि त्यातून जो निघेल तो अर्थ काढला होता. मुलगा समुद्रात, आणि मुलाचे मासे निळे पडून मरताहेत. त्यांना रात्री झोप येत नव्हती, असं नंतर वैशालीनेच सांगितलं.

मी मासा हातात घेतला. शेपटी फाटलेली होती, कुशीवरचे खवले गेलेले. विषाने मेलेल्या माशाची शेपटी फाटत नाही. त्याला कोणीतरी मारलं होतं.

मग मी टँकसमोर बसलो आणि आतल्या निळ्या माशाकडे, तो त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा, नीट बघितलं. पट्टे कपाळावरसुद्धा होते. गळ्यापर्यंत होते. तो सॉलोसी नव्हता. तो डेमासोनी होता.

फरक सांगतो. मोठा सॉलोसी नर आणि डेमासोनी शेजारी ठेवले तर नवखा माणूस भाऊ भाऊ म्हणेल. पण डेमासोनी जन्मापासून निळा असतो. नर असो, मादी असो, पिल्लू असो. म्हणजे पिवळ्यांच्या पिशवीत जे एवढंसं पिल्लू निळं दिसतं, ते सॉलोसी असूच शकत नाही. हे मी दुकानात शंभरदा सांगितलेलं आहे. आणि डेमासोनीची खोड अशी, की पिवळ्या माशाकडे तो ढुंकून बघत नाही. स्वतःसारखा निळा, पट्ट्यांचा मासा दिसला की त्याचा जीव घेतो.

म्हणजे काकींनी बघितलं ते खरंच होतं. जो निळा होत होता तो मरत होता. माझ्यासमोरच एक पिवळा मासा मळकट दिसायला लागला होता, अंगावर पुसट पट्टे उमटले होते, आणि डेमासोनी त्याला कोपऱ्यातून हलू देत नव्हता.

अमोनियाची टेस्ट मी त्याआधीच लावली होती. अमोनिया म्हणजे टँकमध्ये काही कुजलं की पाण्यात होणारं विष. नळी पिवळी राहिली. मी ती खिशात घातली.

तेवढ्यात निखिलचा व्हिडिओ कॉल आला. वैशालीने फोन टँकसमोर धरला.

"सूर्यादादा, काय problem?"

"बघतोय."

"सगळे सॉलोसीच ना? मिक्स तर नाही झालं काही? इथे एकजण म्हणाला, तो निळा वेगळा वाटतो."

तिथे एक वाक्य बोलायचं होतं. निखिल रागावलाही नसता. पण त्याचा तो एकजण, जहाजावर बसून, फोनच्या स्क्रीनवर, माझ्याआधी ओळखून मोकळा झाला होता. आणि खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते.

"सॉलोसीच," मी म्हणालो. "पाण्याचा issue आहे."

"पाण्यात काय?" काकींनी विचारलं.

काहीतरी सांगणं भाग होतं. "कधी कधी शिंपल्यांना मांस राहतं. ते कुजतं."

मग वैशाली म्हणाली, "उकळल्या होत्या वो दादा. घासल्या, उन्हात घातल्या. तुम्ही सांगितल्यागत."

"एखादी राहून जाते," मी म्हणालो.

ती फोन अजून टँकसमोर धरून उभी होती. आत मासे फिरत होते आणि निखिल "हॅलो, हॅलो" करत होता.

"मी सोमवारी देवळात प्रसाद लावतंय," काकी म्हणाल्या. आमच्याकडे अडचण आली की देवाला पाकळ्या लावून कौल मागतात. उजवी पडली की एक, डावी पडली की दुसरं. देवाकडे गेलेली गोष्ट गावभर होते. मला ते नको होतं. देव मला ओळखून काढील याची भीती नव्हती. गाव काढील याची होती.

"काकी, सोमवारपर्यंत थांबूच नका," मी म्हणालो. "ह्या शिंपल्या काढून टाकतो. निळ्याला दुकानात नेऊन बघतो, त्याला infection असेल. आणि थोडे दिवस टँकला एकाच माणसाचा हात लागूदे."

"खंयच्या माणसाचो?"

"तुमचा," मी म्हणालो. का म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही. जाळं घातलं, डेमासोनी पिशवीत घेतला आणि निघालो.

मासे मरायचे थांबले. थांबणारच होते. मारणारा माझ्या स्कूटरच्या डिकीत होता. पण त्या घरात लोकांनी जे बघितलं ते वेगळं होतं. वैशालीचा हात टँकवरून निघाला आणि मासे मरायचे थांबले. कोपऱ्यातला तो मळकट मासा पुढे पूर्ण निळा झाला, पट्टे आले आणि ठणठणीत राहिला. काकींनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं.

"निळो जावनय जिवंत आसा! प्रसाद लावूची गरजच पडली नाय."

"मग वीख वगैरे..."

"वीख खंयचा? हाताचो गुण रे, सूर्या. काय जणांच्या हाताक नसता. तेका कोण काय करतलो?"

हातगुण. कोणाच्या हातचं लोणचं टिकतं, कोणाच्या हातचं नासतं. एकदा एखाद्याच्या हाताला गुण नाही असं ठरलं की ते पुसायला काही साधन नसतं. मी टँक साफ करायला जातच होतो, त्यामुळे मला दिसत गेलं. आंब्यांना मीठ काकींनी लावलं. मिरचीचा तरवा, म्हणजे रोपं, काकींनी लावला. शेजारी गाय व्यायली तेव्हा वैशाली बघायला निघाली होती. काकी तिला म्हणाल्या, "तू रव गो बाय, दमलंस. मी जावन येतंय." काकी वाईट नाहीत. आवाज चढवून कधी बोलल्या नाहीत. चढवला असता तर वैशालीला उलट उत्तर देता आलं असतं.

एका शुक्रवारी ती म्हापशाच्या बाजारातून माझ्या दुकानात आली. हातात नारळांची पिशवी होती.

"दादा, एक विचारू? रागवू नका. शिंपल्यांना खरंच मांस होतं?"

"पाण्याचं काही सांगता येत नाही," मी म्हणालो.

"आमच्या घरी मिरच्या माझ्याच हातनं लावतात. म्हैस व्याली की पहिल्यांदा पिळायला मलाच बोलवतात. म्हणून विचारलं." मग ती काउंटरजवळच्या छोट्या टँककडे वळली. डेमासोनी तिथे एकटा असतो. कोणाबरोबर ठेवता येत नाही. "हा आमच्यावाणीच दिसतोय."

"दिसतो तसा. पण तो सॉलोसी नव्हे. डेमासोनी म्हणतात."

त्या माशाचं खरं नाव मी तेव्हा पहिल्यांदा उच्चारलं. जिला ते सांगायला हवं होतं तिलाच सांगितलं, आणि अर्धंच सांगितलं. तिने मान हलवली. "आमचा निळा काय झाला? तुम्ही नेलेला?"

"मेला," मी म्हणालो.

"माझ्यामुळंच मग," ती म्हणाली, आणि बस चुकेल म्हणून गेली.

डेमासोनी अजून जिवंत आहे. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी आता आधीच सांगतो: पिवळ्यांत एखादं पिल्लू निळं दिसलं तर ते लवकर रंगलेलं नसतं, चुकून आलेलं असतं. सप्लायरची पिशवी गिऱ्हाइकासमोर उघडण्याआधी एकदा घरी उघडावी. धंद्याचा धडा म्हणाल तर एवढाच आहे, आणि तो मला पहिल्यापासून येत होता.

गणपतीच्या चवथीला निखिल घरी येणार आहे. काकींनी मला टँक चकचकीत करून ठेवायला सांगितलं आहे. मी हे लिहिलं आणि छापून आलं, तरी काकी वाचणार नाहीत. त्या फक्त ऐकतात. त्यामुळे लिहून ते फिटत नाही. त्या हॉलमध्ये, काकींच्या समोर, वैशालीच्या देखत, मला सांगायचं आहे की शिंपल्या स्वच्छ होत्या आणि मासा मी चुकीचा दिला. ते मी अजून सांगितलेलं नाही.