वारघडे सरांची कॉम्प्युटरची खोली

वारघडे सर कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जात. जात म्हणजे उंबऱ्यापर्यंत. तिथून आत डोकावून सगळी मशीनं जागेवर आहेत ना हे बघत, पुन्हा कुलूप लावत, ते दोनदा ओढून बघत आणि ऑफिसात येऊन बसत. पोशेऱ्याजवळच्या आमच्या माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झाले, तेव्हा मुख्याध्यापकांच्या या नेमाचं मला फार कौतुक वाटलं. मुलं आत कधी जातात, असं शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, "पोरां? आत?"

दसऱ्याला मात्र मशीनांना झेंडूच्या माळा पडत. मुलं खिडकीच्या गजांतून दर्शन घेत. एकदा न राहवून मी म्हटलं, "सर, निदान चालू तरी करू द्या त्यांना." सर दुखावले. "बाई, वस्तू टिकली पायजे. पोरां काय, दरसाल येतातच."

हसू यायचं, पण पुरतं हसवत नसे. आमच्याकडे एकदा बिघडलेली वस्तू पुन्हा दुरुस्त होत नाही. पाणी गाळायचं यंत्र, प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक, सगळ्यांचे सांगाडे शाळेतच पडले होते, आणि सरांनी त्या वस्तू एकेक करून मरताना पाहिल्या होत्या. मला त्यांचा राग येई आणि मायाही वाटे.

मग संगणक शिक्षण सुधारण्यासाठी सरांचं नेतृत्व विकसित करायचं वरून ठरलं. ठाण्याला प्रशिक्षण झालं. आठवड्याने सर परतले ते खांद्याला नवी पिशवी, गळ्यात ओळखपत्र आणि तोंडात 'व्हिजन' घेऊन. आल्या आल्या नेतृत्व समिती नेमली. शिक्षक मोजकेच, त्यामुळे आम्ही सगळेच नेते झालो. पहिल्याच बैठकीत मी विचारलं, "खोली कधी उघडायची?"

"बाई, तुमची फार घाई. आधी व्हिजन, मग कुलूप."

व्हिजन तयार होण्याआधी तपासणीचा निरोप आला. जिथे मशीनं वापरात नाहीत तिथली उचलून जव्हारच्या एका शाळेला देणार होते. सरांनी धावत जाऊन प्लॅस्टिकची आवरणं काढली आणि मटकन खाली बसले. कीबोर्डांवरचं एकेक अक्षर करकरीत नवं. "वापर दिसला पायजे," एवढंच ते पुटपुटले. दुसऱ्या दिवशी सुताराकडून पॉलिश पेपर आला आणि नववीला हुकूम सुटला : अक्षरं जरा पुसट करा.

ज्या मुलांना पहिल्यांदाच त्या खोलीत शिरायला मिळालं, ती 'जरा'वर थांबतात होय? दोन दुपारी अख्खा वर्ग पाढे म्हणावेत तसा "क्यू, डब्ल्यू, ई, आर" म्हणत घासत होता. शेवटी एकाही बटणावर अक्षर उरलं नाही. सरांनी कपाळाला हात लावला.

तपासणीच्या मॅडम कोरी बटणं बघून थक्क झाल्या. "इतका वापर?" मॅडमनी सुनीताला पुढे बोलावलं. ही वावर गावची, इथे मामाकडे राहून शिकणारी. "बाळ, तुझं नाव टाइप कर."

सरांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. सुनीता डोळे मिटून काहीतरी पुटपुटली, मग एका बोटाने एकेक बटण दाबत गेली. पडद्यावर तिचं नाव आलं, एकही चूक नाही.

"अक्षरं नसताना! किती महिने शिकतेस?"

"दोन दीस, मॅडम. आमी घासला ना, तवाच पाठ झाला."

आम्ही सगळे नेते आपापल्या पायांकडे बघायला लागलो. सर मात्र पुढे झाले. "खरा हाय, मॅडम. खोली मीच बंद ठेवली. घासायला पण मीच सांगितलं. नुसतं घासून पोरांना एवढं आलं, आता कुठं शिकायला लागलीत. मशीनं नेऊ नका. न्यायचंच तर मला न्या जव्हारला." सरांचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

मशीनं राहिली, खोली रोज उघडायला लागली. तपासणीच्या शेऱ्यात मात्र 'नावीन्यपूर्ण उपक्रम' असं आलं, आणि तालुक्यातल्या मुख्याध्यापकांना मार्गदर्शन करायला सरांना मोखाड्याला बोलावलं. मीही गेले होते. सरांनी काहीही लपवलं नाही. "माझी चूक झाली. तुमच्या खोल्या उघडा. पोरां मोडतील, मोडू द्या," असं कळवळून सांगितलं. टाळ्या जोरात झाल्या.

चहाच्या वेळी एक मुख्याध्यापक वही-पेन घेऊन सरांजवळ आले आणि हळूच म्हणाले, "सर, पॉलिश पेपर कितव्या नंबरचा वापरलात?"