एकमेकांच्या आडोशाने हैदराबाद

सात रस्त्याजवळच्या आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी कॉम्प्युटरवर ट्रकांच्या जोड्या लावते. पुढचा ट्रक वारा कापतो, मागचा ठरलेलं अंतर राखून त्याच्या आडोशाने चालतो, त्यामुळे डिझेल वाचतं. पत्रिका जुळवण्यासारखंच काम, फक्त इथे कुणाची पसंती विचारत नाहीत. साहेब म्हणाले, एकदा स्वतः जाऊन बघा. म्हणून टॉवेल-चादरी भरलेल्या दोन ट्रकांबरोबर मी सकाळीच हैदराबादला निघाले.

ट्रकप्रवासाची हौस असणाऱ्यांनी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि एक जाड उशी जरूर घ्यावी. भाडं पडत नाही. जे द्यायचं ते कंबर देते.

मी मागच्या ट्रकमध्ये, शिद्रामच्या शेजारी बसले होते. पुढे दत्तू. दोघे सख्खे चुलत भाऊ आहेत आणि शेताच्या बांधावरून त्यांची कैक वर्षं बोलचाल बंद आहे, हे मला बोरामणी मागे पडल्यावर कळलं. कॉम्प्युटरने जोडी उत्तम ठरवली होती.

दोन्ही केबिनमध्ये वॉकीटॉकी होता. दत्तू त्यावरून म्हणायचा, "ताई, त्याला सांगा, म्होरं खड्डा हाय." शिद्राम ते ऐकत असायचा, पण मी पुन्हा सांगितल्याशिवाय वेग कमी करायचा नाही. वर त्याची तक्रार अशी, की दत्तूच्या आडोशाला राहून डिझेल वाचवायचं म्हणजे त्याचे उपकार घ्यायचे. नळदुर्गचा किल्ला बघायचा राहिला; मी निरोप पोचवत होते.

उमरग्याला दोघे वेगवेगळ्या टेबलांवर जेवले. मी मधल्या टेबलावर. शेंगाची आमटी मात्र झकास होती.

कर्नाटकात शिरल्यावर एका वळणापलीकडे मेंढरांचा कळप रस्त्यावर आला. वॉकीटॉकीतून आवाज आला, "शिद्या, थांब." मला सांगायला तोंड उघडायचीही सवड नव्हती. शिद्रामने ब्रेक दाबला. ट्रक घसरत गेला आणि दत्तूच्या ट्रकच्या अगदी मागे थांबला. शिद्रामने माझ्या हातातला वॉकीटॉकी घेतला.

"थांबलो, दादा."

मेंढरं निवांत गेली. मग दत्तूने विचारलं, "काकी कशी हाय?"

"गुडघं लई दुखत्यात."

"मग सांगायचं न्हाय व्हय?"

"कुणाला सांगायचं?" शिद्राम म्हणाला, आणि काचेबाहेर बघत राहिला.

हुमनाबादला दोघे एकाच बाकावर बसले. चहा संपला तरी उठेनात. मी मुकाट्याने बिस्किटं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी माल उतरवून परत निघालो, तेव्हा माझ्याकडे काहीच काम उरलं नव्हतं. टपरी दिसली की दत्तू थांबायचा, तो थांबला की शिद्राम. येताना नळदुर्गचा किल्लाही बघून झाला. जाताना वाचवलेलं डिझेल अशा थांबण्या-निघण्यात कुठे गेलं, ते विचारू नका.

घरी आल्यावर मी दिवसभर झोपले. मग ऑफिसात साहेबांनी आकडे बघून कपाळाला हात लावला आणि या दोघांची जोडी तोडायला सांगितली. एका क्लिकचं काम होतं.

मी म्हणाले, "साहेब, सिस्टीममध्ये तशी सोय नाही."