डाव्या बाजूचा ब्रेक

स्मिता गेल्याचा फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या आवारात, आमच्या जुन्या लाल गाडीत, डाव्या सीटवर बसलो होतो. वॉचमन काचेवर टकटक करत होता. रुग्णवाहिका यायचीय, गाडी पुढे घ्या. मला गाडी येत नाही, म्हटलं. मग कोणाला येते? आता त्याला काय सांगणार, की आमच्या घरात गाडी येते ती फक्त बायकोला आणि मुलीला, आणि दोघीही तिसऱ्या मजल्यावर आहेत... तेवढ्यात ईशाचा फोन. "बाबा, वर या," एवढंच म्हणाली. वॉचमननं कोणाला तरी हाक मारली आणि दोघांनी मिळून गाडी ढकलली. मी आतच होतो. उतरून मदत करावी हेसुद्धा सुचलं नाही. बायको शेवटचा श्वास घेऊन मोकळी झाली होती आणि नवरा गाडीत बसून ढकलला जात होता. तिनं हे पाहिलं असतं तर तोंडाला पदर लावून हसली असती.

स्मिता वसईकडच्या गास गावची, बागायतदाराची मुलगी. वडिलांच्या केळीच्या टेम्पोवर हात बसलेला. चपला काढून सीटखाली सरकवायच्या आणि अनवाणी चालवायची, ही तिची पद्धत. मी साताऱ्याकडचा, नोकरीपायी विरारच्या फ्लॅटमध्ये येऊन पडलेला. लग्नानंतर मला शिकवण्याचा प्रयत्न तिनं एकदाच केला, कळंबच्या किनाऱ्यावर. मोकळी वाळू आहे, कोणाला धडकणार, असा तिचा हिशोब. मी कोणाला धडकलो नाही. सरळ ओल्या वाळूत गेलो आणि चाकं रुतवून बसलो. भरती लागली होती. जाळं आवरणारी एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "पानी भरतंय, बाबा. गाडी पोहनारी हाय का?" कोळ्यांच्या पोरांनी दोर लावून ओढली. परतीच्या वाटेवर मी आपणहून डावीकडे जाऊन बसलो, आणि तिथेच राहिलो.

पण डावीकडे बसणाऱ्यालाही जीव असतो. समोर रिक्षा आली की माझा उजवा पाय खाली दाबला जायचा, तिथे ब्रेक असल्यासारखा. वर्षानुवर्षं. पायाखालच्या रबरी मॅटला टाचेएवढं भोक पडलं. स्मितानं ती कधी बदलली नाही. कोणी पाहुणा बसला की दाखवायची, हा आमच्या ह्यांचा ब्रेक, गाडी ह्याच्यावरच थांबते.

ईशाला लायसन मिळालं आणि घरात तह सुरू झाले. आधी ठरलं, मी शेजारी बसेन. मग ईशानं मागणी केली, बाबांनी मागे बसावं. ते एकच दिवस टिकलं, कारण मागूनही माझा पाय तिच्या सीटवर आपटायचा. स्मिताचं आजारपण सुरू झाल्यावर हॉस्पिटलच्या फेऱ्या ईशाच करू लागली. मी पुन्हा डावीकडे, स्मिता मागे उशीला टेकून. एका वळणावर मी पाय आपटला, आणि मागून तिचा बारीक झालेला आवाज आला. "अहो, पाय उचला. तिला ऐकू येतो तो. ती तुम्हाला घाबरून चालवतेय, रस्त्याला नाही."

त्याच संध्याकाळी तिनं शेवटचं कलम मांडलं. ईशानं एकटीनं गासला जायचं, मामाकडचा सोनचाफा घेऊन यायचं. मी म्हटलं, बघू. ईशा म्हणाली, बाबांचं 'बघू' म्हणजे नाही. वाद मिटायच्या आत स्मिता ॲडमिट झाली... आणि मग त्या गाडीत मागे कोणी बसलंच नाही.

गाडीची पंधरा वर्षं भरत आली होती. नालासोपाऱ्याच्या भंगारवाल्याशी बोलणं झालं, त्याचा माणूस येऊन घेऊन जाणार होता. ईशा किल्ली घेऊन दारात उभी राहिली. "मी नेऊन देते. एकटी."

मी म्हटलं, मीही येतो, डाव्या बाजूला गप्प बसेन.

"तुम्ही गप्प बसता, बाबा. तुमचा पाय नाही बसत."

आवाज अगदी तिच्या आईचा. मी बाजूला झालो. खाली जाऊन तिनं चपला काढल्या, सीटखाली सरकवल्या. मग काय आठवलं कोण जाणे, डावीकडचं दार उघडून ती भोकवाली मॅट ओढून काढली आणि माझ्या हातात दिली. भंगारात कशाला घालवायची, म्हणाली. गाडी फाटकातून बाहेर पडली, वळली. मॅट छातीशी धरून मी उभा होतो, आणि पाय... पाय सोसायटीच्या लाद्यांवर दाबलेला होता.

ती रिक्षानं परत आली. येताना गासला उतरून ओंजळभर सोनचाफा आणला होता. आईच्या फोटोपुढे ठेवला.

मॅट आता बाल्कनीत आहे, स्मिता बसायची त्या खुर्चीसमोर. ईशा आता मामाची गाडी चालवते, कधी कळंबला, कधी आणखी कुठे, सांगून जाते, विचारून नाही. ती यायची वेळ टळली की मी त्या खुर्चीत जाऊन बसतो. रस्त्यावर कुठे करकचून ब्रेक लागतो, आणि माझी टाच आपोआप त्या भोकात जाते. खाली गार लादी लागते. मागे कोणी नसतं. तरी जरा थांबून, मी पाय उचलतो.