गेटवरची गवताची गाठ

मागच्या रविवारी तुम्ही दोघा नातवंडांनी विचारलंत, की वडगावच्या बाजाराच्या दिवशी मी फोन का उचलत नाही. आजोबा म्हणाले, "ती कामावर गेली असते," आणि तुम्ही हसलात. ते हसले नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं की नाही, ठाऊक नाही. तेव्हा मी विषय बदलला, कारण फोनवर बोलताना माझं पुढचं मागे होतं. लिहिताना नीट क्रमाने सांगता येतं, म्हणून लिहिते आहे.

सुरुवात कट्ट्यापासून करावी लागेल. त्या अ‍ॅपला भारदस्त नाव होतं, पण आपल्या मळवलीपासून तळेगावापर्यंत सगळे त्याला कट्टाच म्हणत. तळेगावच्या दोन तरुणांनी ते आपल्या मावळापुरतं काढलं होतं. घाटात दरड आली, लोकल रद्द झाली, कुणाची म्हैस हरवली, पाणी कधी येणार, असं सगळं तिथं कळायचं. ज्याने लिहिलं त्याचं खरं नाव आणि गाव शेजारी दिसायचं, त्यामुळे लोक भांडले तरी उद्या बाजारात भेटायचं आहे याचं भान ठेवून भांडायचे. आजोबांच्या ऑपरेशनच्या वेळी रक्त मिळत नव्हतं, तेव्हा मी कट्ट्यावर लिहिलं आणि दुपारपर्यंत दवाखान्याच्या जिन्यावर अनोळखी माणसं उभी होती. एकजण तर भात लावणी सोडून आला होता, पायाला चिखल तसाच.

मग त्या दोघांनी कट्टा विकला. कुणाला विकला ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही. कुठल्या तरी शहरातली कंपनी, एवढंच. पहिल्यांदा रंग बदलला. मग नाव-गाव देण्याची सक्ती गेली. पैसे भरणाऱ्याच्या नावापुढे सोनेरी खूण येऊ लागली आणि त्याचं लिखाण सगळ्यांच्या वर दिसू लागलं. ज्याच्या खाली जास्त उत्तरं, तेही वर. म्हैस हरवल्याची बातमी खाली कुठे तरी बुडायची आणि वर दिवसभर कुणाची तरी आईबहीण काढणं चाललेलं असायचं.

आजोबा म्हणाले, "मालक बदलला की खानावळीची चव बदलते. आपण जायचं बंद करतो. एवढा विचार कशाला?"

"अहो, सगळी चांगली माणसं उठून गेली तर तिथं उरणार कोण?"

"उरू देत की. त्यांचं ते बघतील."

"तुमच्या अंगात त्याच कट्ट्याचं रक्त आहे, विसरलात?"

"ते माणसांचं रक्त आहे," ते म्हणाले. "अ‍ॅपचं नाही."

हा वाद आमच्या घरात रोज सकाळी चहाबरोबर व्हायचा. मला तो आवडायचाही. मी जन्मभर वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली. चुकीचं छापून आलं तर बरोबर काय ते शांतपणे, मुद्दे मांडून लिहावं, असं मला शाळेत नन्सनी शिकवलं होतं आणि मी ते कधी सोडलं नव्हतं.

आता गवताच्या गाठीचं. तुम्ही लहानपणी आलात तेव्हा गेटवर गवताची गाठ बघून ती सोडायला धावायचात, आणि आपले माळीकाका ओरडायचे, आठवतं? आपल्या गल्लीतले निम्मे बंगले सोमवार ते शुक्रवार बंद असतात. डोंगरावरच्या वस्तीतली एक बाई पावसाळ्यात रानभाजी घेऊन खाली यायची. टाकळा, कुर्डू, भारंगी, उन्हाळ्यात करवंदं. प्रत्येक गेटपाशी जाऊन हाका मारायच्या, कुत्री अंगावर घ्यायची, हे टाळायला माळ्यांनी आणि तिने मिळून एक रीत पाडली होती. मालक आलेले असले आणि भाजी हवी असली, की माळी गेटच्या गजाला लांब गवताची गाठ मारायचा. ती लांबून बघायची, भाजी द्यायची आणि जाताना गाठ सोडून टाकायची. तिच्या जुड्याही त्याच गवताने बांधलेल्या असत.

गेल्या पावसाळ्यात कट्ट्यावर सगळ्यात वर एक फोटो आला. आपल्या गल्लीतली तीन गेटं, तीन गाठी. नाव नव्हतं, सोनेरी खूण होती. खाली लिहिलं होतं: "सावधान. टोळीने घरं हेरून खुणा केल्या आहेत. लहान मुलं सांभाळा." शेजारच्या गेटवरची गाठ तर माझ्यासमोर बांधलेली होती. मला आधी हसूच आलं. मग खालची उत्तरं वाचली. काठ्या तयार ठेवा, असं एकाने लिहिलं होतं. दुसऱ्याने, पोलिसांची वाट बघू नका.

मी चष्मा पुसून बसले आणि उत्तर लिहिलं. या चोरांच्या खुणा नाहीत. मळवलीच्या वरच्या वस्तीतून रानभाजी आणणाऱ्या बाईसाठी माळी त्या बांधतात. मी तिला कित्येक वर्षं ओळखते. ती अत्यंत प्रामाणिक आहे. खाली माझं पूर्ण नाव, शेजारी माझा चष्म्यातला फोटो. आजोबांना वाचून दाखवलं. ते एवढंच म्हणाले, "छान लिहिलंयस. पण नको पाठवूस."

"का?"

"कारण सांगता येत नाही. नको."

कारण नसलेल्या गोष्टी मी ऐकत नाही. मी पाठवलं.

जेवण होईपर्यंत माझ्या उत्तराखाली ढीग लागला होता, आणि त्या ढिगामुळे मूळ फोटो आणखी वर, आणखी गावांपर्यंत गेला होता. "म्हणजे खुणा बाईच्याच. आजींनी कबूल केलं." "वरची वस्ती म्हणजे नेमकी कुठली?" "कोणत्या वारी येते?" "असल्या वस्तीतलेच असतात हे." मी एकेकाला उत्तर देत गेले. प्रत्येक उत्तराने तो फोटो वर चढत होता, हे मला आजोबांनी खांद्यावर हात ठेवून सांगेपर्यंत कळलं नाही.

शनिवारी सकाळी माळीकाका धावत आले. "आजी, चला लवकर. तिला धरलंय."

गल्लीच्या तोंडाशी सहा-सात जण होते. दोघं-तिघं बंगल्यांवर आलेले पाहुणे, बाकीचे इथलेच. टोपली उपडी पडली होती. ती कुंपणाच्या भिंतीला टेकून बसली होती, एक हात टोपलीवर, आणि एकजण तिच्या तोंडासमोर फोन धरून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "नाव सांग. गाव सांग. बरोबर कोण कोण आहे?"

आजोबा काठी टेकत मधे गेले. "ही आमच्याकडे येते. बाजूला व्हा."

"आजोबा, तुम्ही भोळे आहात. गँग असते यांची."

"असू दे. माझ्या वयाच्या माणसाला ढकलून पुढे जाणार असाल तर जा."

कुणी ढकललं नाही. कुणी माफीही मागितली नाही. फोनवाला शेवटपर्यंत चित्रण करत मागे सरला. तिने भाजी गोळा केली, चिखलात गेलेली तिथेच ठेवली आणि आमच्याकडे न बघता डोंगराची वाट धरली.

काही दिवसांनी ती आली, दिराला बरोबर घेऊन. नेहमीसारखी पायरीवर बसली नाही. तिचं चित्रण कट्ट्यावर होतं, आणि त्याच्या शेजारी माझं उत्तर चिकटवून वर लिहिलं होतं: "स्थानिक महिलेची कबुली."

"बाई," ती म्हणाली, "तुमी लिवलं व्हतं न्हवं?"

"हो गं. पण मी तुझ्या चांगल्यासाठी..."

"व्हय, माळीभाऊ बोलला. मंग तुमीच पुसा की आता."

मी माझं लिखाण काढून टाकलं होतंच. पण त्याचे फोटो लोकांनी आधीच घेतले होते. मी नव्या मालकांना इंग्रजीत पत्र लिहिलं, चांगलं सविस्तर. लगेच उत्तर आलं, माझं मत त्यांच्यासाठी मोलाचं आहे. दुसऱ्या पत्रालाही तेच उत्तर आलं, स्वल्पविरामासकट. हे तिला कसं सांगू? मी म्हणाले, "पुसता येत नाही." दीर म्हणाला, "लिवता येतं आन् पुसता येत न्हाई, ह्ये कसलं वो?"

त्यानंतर गल्लीतल्या गेटांवर गाठी दिसल्या नाहीत. माळ्यांनीच बंद केल्या. ती बंगल्यांकडे येईना, वडगावच्या आठवडे बाजारात बसू लागली. तिचा फोटो मात्र फिरत राहिला. कधी त्याखाली कामशेतचं नाव, कधी घोरावाडी स्टेशनचं, एकदा तर कुठल्या तरी खानदेशातल्या गावाचं. प्रत्येक ठिकाणी ती आदल्याच दिवशी दिसलेली असायची.

"आता तरी काढून टाक ते अ‍ॅप," आजोबा म्हणाले.

"आता कसं काढू? तो फोटो कुठवर आलाय ते मला कोण सांगणार?"

आमचा रोजचा वाद तिथे संपला.

एका बाजाराच्या सकाळी तो फोटो वडगावला पोचला. "बाजारात दिसली. ओळखा आणि कळवा." मी छत्री घेतली आणि मिळेल ती लोकल धरली. ती आपल्या जागेवर होती. जुड्या आता रबराने बांधल्या होत्या.

"बाई, तुमी हितं कुटं?"

"भाजी घ्यायला."

"मळवलीत भाजी न्हाई व्हय?" ती हसली. मी कट्ट्यावरचं सांगितलं तेव्हा हसू गेलं, पण उठली नाही. "उठून जाऊ कुटं?" म्हणाली. मी तिच्या शेजारी गोणपाटावर बसले, बाजार उठेपर्यंत. तेव्हापासून दर बाजारी बसते. गुडघे दुखतात, पण जुड्या नीट रचून ठेवल्या की गिऱ्हाईक थांबतं, हे माझ्यामुळे तिलाही पटलं आहे. "बाईंनी कपाट लावल्यावानी टोपली लावलीया," असं ती शेजारणीला सांगते.

मागच्या बाजारी समोरच्या चहाच्या गाडीपाशी तीन तरुण येऊन थांबले. एकाने फोन डोळ्यांसमोर धरला, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं. ती मान वर न करता म्हणाली, "बाई, तुमी इका जरा. मी पानी पिऊन येते." टोपली माझ्यापुढे सरकली आणि ती धान्याच्या पोत्यांमागून निघून गेली. पदर डोक्यावर घेतलेला तेवढा दिसला.

ते तिघं आले. अगदी अदबीने एकाने विचारलं, "आजी, इथं एक बाई बसते ना? ती कुठाय?"

"इथं मीच बसते," मी म्हणाले.

"तुम्ही? भाजीवाल्या?"

"टाकळा देऊ का? ताजा आहे."

त्याने माझ्या चष्म्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग पुन्हा फोनमध्ये बघून बरोबरच्यांना हळूच म्हणाला, "हीच ती. कबुली दिलेली." आणि त्याने फोन वर केला. मी जुड्या सारख्या करत राहिले, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

उद्या पुन्हा बाजार आहे, आणि मी जाणार आहे. त्याने काढलेला माझा फोटो अजून कट्ट्यावर आलेला नाही. कधी तरी येईल, आणि फिरत फिरत तुमच्या देशातही पोचेल. खाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचलंत तरी चालेल. फक्त उत्तर लिहू नका. मी कोण आहे, कुठे राहते, किती चांगली बाई आहे, यातलं काहीही कुणालाही सांगू नका.