चिमटीतली वायर

गाडीत टेप बसवणाऱ्यांच्या दुकानात किस्से कापलेल्या वायरींच्या तुकड्यांसारखे साठत जातात. उपयोग कुणालाच नसतो, पण टाकवत नाहीत. आमच्या भांडुपच्या दुकानातले बरेचसे माझ्या काकांचे, म्हणजे नानांचे. ते सांगून मी वर्षभर लोकांना हसवलं. आता सांगताना माझं मलाच हसू येत नाही.

*

नाना गिरणीत सूतखात्यात होते. धागा चिमटीत धरून, डोळे मिटून, सूत किती नंबरचं ते सांगायचे. कधी चुकले नाहीत म्हणे. संप झाला, गिरणी गेली, नानांनी टेप-फिटिंगचं दुकान टाकलं आणि बोटं तशीच इकडे घेऊन आले. वायर चिमटीत दाबायची, अंगठा फिरवायचा, निकाल द्यायचा: "हीच लावूची."

संपलं. वर अपील नाही.

*

एकदा अशी पास झालेली वायर मी सगळ्यांसमोर सोलली. बाहेर करंगळीएवढं जाड प्लॅस्टिक, आत तांब्याचे मोजून चौदा केस. म्हटलं, नाना, करंट तांब्यातून जातो, कव्हरातून नाही.

डिप्लोमा मी दुसऱ्या वर्षी सोडला होता. नानांनी शांतपणे विचारलं, "ह्या कॉलेजात शिकवल्यानी, काय सोडून इल्यावर कळला?"

अख्खं दुकान हसलं. मीही दात काढले. पण ते मी विसरलो नाही.

*

मुलुंडचे एक डॉक्टर तक्रार घेऊन आले. टेपचा आवाज वाढवणारा बूस्टर लावल्यापासून ढोलकीचा ठेका आला की हेडलाइट मंद होतात. होणारच! नानांनी बूस्टरला हेडलाइटच्याच बारीक वायरीतून जोड दिला होता.

नाना म्हणाले, "डॉक्टर, गाडी ताल धरता."

डॉक्टर खूश. पुढच्या आठवड्यात मेव्हण्याची गाडी घेऊन आले.

*

एका बिल्डरच्या गाडीत फ्यूज सारखा उडायचा. नानांनी त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली. आता उडूचो नाय, म्हणाले. फ्यूज उडतो तो वायर जळू नये म्हणून, हे मला पक्कं माहीत होतं. मी काय केलं? बिल्डरला सांगायचं सोडून चहावाल्याशी पैज लावली की गाडी महिना काढत नाही.

गाडीने महिना काढला. मला चक्क वाईट वाटलं.

*

फ्रान्सिसकाका बोरिवलीच्या गावठाणातले. शेताचा शेवटचा तुकडा विकून त्यांनी फिएट घेतली होती. लग्नात नवरा-नवरीला फिरवायचे, घर त्या एका गाडीवर चालायचं. त्यांना मोठा बूस्टर हवा होता, तोही डिकीत. बॅटरी पुढे, बूस्टर मागे. जेवढी वायर लांब, तेवढी ती जाड लागते. मी कॅलेंडरच्या मागे गणित मांडून जाडी काढली. नानांनी कागदाकडे बघितलंही नाही. नेहमीची वायर चिमटीत धरली.

फ्रान्सिसकाकांच्या देखत मी म्हणालो, "हे सूत नाही, नाना. गिरणी बंद पडली, आता बोटं तरी खिशात ठेवा."

फ्रान्सिसकाका खाली बघायला लागले. नानांनी तीच वायर कापायला घेतली, जरा घाईघाईने.

फ्रान्सिसकाकांना नुसतं बाजूला घेऊन सांगायचं होतं, ही लावू देऊ नका म्हणून. एवढंच. मी पक्कड आपटली आणि घरी गेलो. जळू दे, म्हटलं.

*

जळली. चर्चच्या दारात, नवरी आत बसलेली असताना. तिला लोकांनी ओढून बाहेर काढलं, तिच्या गाऊनच्या झालरीवर निभावलं. गाडीच्या मागच्या सीटचा कोळसा झाला, छतही गेलं.

दुसऱ्या दिवशी फ्रान्सिसकाकांनी गाडी टेम्पोला बांधून दुकानासमोर आणली. बरोबर नवरीचे वडील. त्यांनी सरळ माझी कॉलर धरली. "वायर कोणी लावली? तू?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं.

नाना मध्ये आले. "मी लावलंय. तो त्या दिवशी दुकानात नव्हतो."

वडिलांनी कॉलर सोडली नाही. मान वळवून फ्रान्सिसकाकांना विचारलं, खरं काय?

फ्रान्सिसकाका जळक्या दारावर हात ठेवून उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा नानांकडे.

"नव्हता," ते म्हणाले.