करवतीने कापलेलं बेट

पेरूतल्या टिटिकाका तलावात माणसं लव्हाळ्याच्या तरंगत्या बेटांवर राहतात. तिथे नोकरी करणाऱ्या पुतण्याने आम्हा दोघा भावांना हट्टाने नेलं. धानाच्या शेतांमधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, आमचं बोलणं वर्षभर बंद होतं. पायाखालचं बेट हलत होतं, उंचीने दम लागत होता आणि भाऊ हातभरावर उभा होता.

बेटावरच्या म्हातारीने एक लांब करवत दाखवली. पुतण्याने खाली बघत तिचं बोलणं सांगितलं. घरात पटेनासं झालं की ते बेट कापून वेगळे होतात.

“बरं आहे,” मी म्हणालो. “कोर्टकचेरी नाही.”

भाऊ बोलला, पण पोराशी.

“इचार तिले, मंग माय कोणत्या तुकड्यावर राह्यते?”

गावी, बोदलकस्याला, आमची माय दर पंधरा दिवसांनी वळकटी उचलून आमच्या दोन घरांमधलं अंगण ओलांडते.